भरीव तांब्या
चिंचेने घासलेल्या पितळेचा वास आला की मला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षातलं कॅडचं प्रॅक्टिकल आठवतं. घरातली एक वस्तू मोजून कॉम्प्युटरवर उभी करायची होती. माझे वडील, अप्पा, हुबळीच्या दाजीबानपेठेत भांड्यांच्या दुकानात कामाला, म्हणून मी तांब्या नेला. कॉम्प्युटरला मी कॉलेजात येऊनच पहिल्यांदा हात लावला होता. हे जमलं नाही तर कॉलेज सोडायचं, असं मनाशी ठरवूनच बसले होते. तांब्याची अर्धी बाह्यरेषा काढली, मधल्या अक्षाभोवती फिरवली, आणि पडद्यावर हुबेहूब तांब्या उभा राहिला. सर मागे येऊन म्हणाले, "छान झालाय की ग! पण तहान लागलीय मला, पाणी कुठं ओतू यात?" सगळे हसले. मी तांब्या पडद्यावर मधोमध कापून पाहिला, तर आत गच्च पितळ भरलेलं! मग खऱ्या तांब्याच्या पत्र्याची जाडी मोजली, तेवढीच भिंत ठेवून आतलं सगळं काढलं आणि पुन्हा कापून दाखवलं. "हां, आता पितो," सर म्हणाले. पुढे पालकांच्या मेळाव्यात तोच तांब्या मोठ्या पडद्यावर फिरत होता. दुकानातून रजा काढून आलेले अप्पा शेजारच्या अनोळखी गृहस्थांना कानडीत सांगत होते, "नम्म मगळ माड्याळ नोड्री!" आमच्या मुलीनं केलाय, बघा. आज मी हुबळीतच पंपांची डिझाइनं करते. रस्त्यात कुठलाही पंप दिसला की अप्पा सोबतच्या माणसाला हेच वाक्य ऐकवतात, मग तो पंप कुणीही केलेला असो.