किल्लीकाकांची वर्दळ

आमचे काका कुलपं दुरुस्त करत, किल्ल्या घासून देत. गाव त्यांना किल्लीकाका म्हणे. चौकात त्यांचं एकतीस वर्षांचं दुकान: एक खोली, एक बाक आणि बाकावर काहीही काम नसलेली माणसं.

गाडी चौकामागून जायची, पण थांबायची नाही. मग तिथे स्टेशन बांधून चौकात नवजीवन आणायचं ठरलं. इतकी वर्षं आम्ही तिथे मेलेल्या अवस्थेत बसत होतो, हे आम्हाला तेव्हा कळलं. आर्किटेक्टसाहेब आले. जिथे वर्दळ जास्त, तिथे स्टेशनचं मुख्य दार, असं त्यांचं शास्त्र. माणसं मोजायचं बटणाचं यंत्र घेऊन ते काकांच्याच बाकावर बसले.

माणसं कमी भरली तर स्टेशन शेजारच्या गावाला जाईल, या धास्तीने काका येणाऱ्या-जाणाऱ्याला दटावू लागले, "अरे, परत एक चक्कर मार! मोजतायत!" एक आजोबा सकाळभरात चौदा वेळा गेले. सातशे वस्तीच्या गावात दिवसाला अकराशे माणसं भरली, आणि एवढ्या शिकलेल्या माणसाला त्यात काही वावगं दिसलं नाही.

नकाशा आला. मुख्य दार बरोब्बर काकांच्या दुकानावर.

"तुमच्यामुळेच तर जागा सापडली," साहेबांनी हात जोडले.

दुकान पाडलं त्या दिवशी काका जेवले नाहीत. मला साहेबांचा राग आला, आणि खरं सांगायचं तर काकांचाही.

स्टेशन देखणं झालं. काचेचं छत, कारंजं, बसलं की घसरायला होईल असे बाक. नवजीवन इतकं आलं की चौकात कुत्रंही फिरकेना. काका घराच्या पडवीत किल्ल्या घासू लागले आणि सगळा गाव तिथे येऊन बसला.

वर्षाने साहेब यंत्रासकट दारात हजर. "माणसं इकडे वळली म्हणतात. इथेही काही छान करता येईल. तीन दिवस मोजतो."

काकूंनी आतून दाराला कडीच घातली. आता घर तेवढं उरलं होतं.

काकांनी साहेबांना खुर्ची दिली, चहा दिला आणि गावभर निरोप धाडला: मागच्या दाराने या, हळू बोला. तीन दिवस स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नव्हती. पडवीत साहेब एकटे.

"वर्दळ शून्य," तिसऱ्या संध्याकाळी ते हळहळले.

"लिहा साहेब, ठळक लिहा," काका म्हणाले आणि त्यांना गाडीत बसवून द्यायला स्वतः गेले. मीही सोबत होतो. मुख्य दाराशी काकांचा हात सवयीने खिशात गेला. दुकानाची किल्ली त्यांनी अजून टाकलेली नाही.