मामांचा बियाण्याचा डबा

माझ्या मामांइतकी उत्तर ध्रुवाची तयारी उभ्या जुन्नर तालुक्यात कुणी केली नसेल, आणि पुढे कुणी करणारही नाही. तिकडे बर्फाच्या डोंगरात जगभरचं बियाणं जपून ठेवतात, हे मामांनी घाटघरच्या घरात टीव्हीवर पाहिलं आणि मामीचं भाताचं बी स्वतः तिथे नेऊन ठेवायचं ठरवलं. हे गावठी भात मामी हयातभर एका वाफ्यात पेरून जगवत आली होती. बाकी गावाने ते कधीच सोडलं होतं. मामी गेली, बी डब्यात राहिलं.

तयारी अशी की वऱ्हाड निघावं. थंडीची सवय व्हावी म्हणून मामा भर चैत्रात ओळखीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये द्राक्षांच्या पेट्यांत माकडटोपी घालून बसले आणि आठवडाभर शिंकत राहिले. वाटेसाठी ठेच्याची बरणी दोनदा भरली, दोन्ही वेळा वाट पाहून स्वतःच संपवली. खरी अडचण संकष्टीची. तिकडे उन्हाळ्यात सूर्यच मावळत नाही, तर चंद्र कधी दिसणार आणि उपास कधी सोडायचा, हे विचारायला ते लेण्याद्रीच्या सगळ्या पायऱ्या चढून गेले. घाटघरच्या वेळेने जेवा, असं पुजाऱ्यांनी सांगितलं, तेव्हा कुठे पासपोर्टचा फोटो काढला.

तिकडच्या लोकांना इंग्रजीत पत्र मी लिहिलं. आठवड्यात उत्तर आलं, की एकट्यादुकट्या माणसाचं बियाणं ते घेत नाहीत. मामीचं वर्षश्राद्धही व्हायचं होतं. मला सांगवेना. म्हटलं, अजून काही कळवलेलं नाही. पुढे प्रत्येक भेटीत तेच म्हणत राहिलो. सोपं होतं ते. इकडे मामांनी ते बी पेरलंच नाही. पावसाने दगा दिला, रानडुकरांनी खाल्लं, तर तिकडे नेणार काय? असे चार पावसाळे गेले.

परवा गेलो तर मामा ओट्यावर ओल्या गोणपाटाची घडी उलगडून बसले होते. मूठभर बी भिजवून पाहिलं होतं. आठ दिवस झाले तरी एकाही दाण्याला मोड नव्हता.

"तिकडून काय आलं का रं?" त्यांनी विचारलं.

मग मात्र मी सगळं सांगितलं. मामा बराच वेळ दाणे बोटांनी चाळवत राहिले.

"आदी सांगितलं असतंस तर म्या पेरलं असतं, लेका."

रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. ते उठले, माझ्यासाठी चहा ठेवला, आणि मामी घालायची तशी साखर जरा जास्तच घातली.