डाव्या पायाची करणी

एका आवाजापायी मी माझ्या धाकट्या दिराचं बोट घालवलं. कोयता ह्यांच्या हातात होता हे खरं, पण त्याला धार लावली मी. आज नातवंडं मला शहाणी समजतात. त्यांनी तेव्हाची बाई बघायला हवी होती. पन्नाशीला टेकलेली, दोन मुलींची लग्नं करून मोकळी झालेली आणि डोक्यात नुसता भुसा.

गाडी जुनी, दुसऱ्याने वापरून टाकलेली. ह्यांनी ती एकदा व्हाळाच्या पाण्यात घातली, तेव्हापासून स्टिअरिंग माझ्याकडे आलं. मी चालवायचे रुबाबात. डावा पाय सदा क्लचवर, शिलाई मशीनवर बसल्यासारखा. कोणी टोकलं असतं तर त्यालाच चार शब्द ऐकवले असते.

कट्टा गावच्या बाजारातून घरी येताना वाडीच्या तोंडाशी चढाचं एक वळण आहे. दोन्ही बाजूंना कापलेला जांभा, कडेला वाडी सांभाळणाऱ्या राखणदाराचा दगड, आणि खाली दिराची काजूची बाग. एक दिवस तिथे गाडी किंचाळली, सुरी दगडावर ओढावी तशी. वळण संपलं, आवाज संपला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच. तिसऱ्या दिवशीही.

चढावर गिअर बदलायला मी तिथेच क्लच पूर्ण दाबत होते, हे शेंबड्या पोराला कळलं असतं. बाजारातही तो आवाज होत असणारच, पण तिथे माणसांचा कलकलाट, आणि घरी पोचले की कुत्रे भुंकायचे. वळणावर मात्र दगडाच्या दोन भिंतींमधून तो अंगावर यायचा. मला दिसलं ते एकच. खाली दिराची बाग, आणि बांधावरून दोघा भावांचं वर्षभर बोलणं बंद.

"करणी आसा ही," मी ह्यांना म्हटलं. "तुमच्या भावान हयसर कायतरी पुरल्यान."

हे मुळात तापट. त्यात मी रोज जेवणाबरोबर थोडी करणी वाढत गेले.

आधी कोंबडा झाला. ह्यांनी राखणदारापुढे गाऱ्हाणं घातलं आणि एका घावात मान उडवली. धड मातीत फडफडत गोल फिरलं आणि गाडीपाशी येऊन पडलं. मी त्याचं रक्त बोटाने चाकाला लावलं. क्लचला लावलं असतं तर निदान पत्ता तरी बरोबर झाला असता. वडे-रस्सा खाऊन आम्ही निर्धास्त झोपलो. दुसऱ्या दिवशी वळणावर गाडी अशी ओरडली की माझ्या दाढा शिवशिवल्या.

"थांबव," हे म्हणाले. कोंबड्याचा कोयता अजून गाडीतच होता, पुसलेलाही नव्हता. तो घेऊन हे बागेत उतरले.

दीर एसटीवर ड्रायव्हर. सुट्टी म्हणून काजूखालचं रान साफ करत होता. त्याच्याही हातात कोयता.

"माझ्या गाडयेर करणी करतंस?"

"खुळावलंस काय रे? भंगारातली गाडी ती, रडतली नाय तर काय हसतली?"

"काय पुरलंस ता काढ!"

"तुझा डोक्या पुरलंय हयसर. खण नि काढ!"

ह्यांनी कोयत्याच्या मुठीने त्याच्या तोंडावर मारलं. ओठ फाटला. त्याने आपला कोयता फेकला आणि ह्यांचा गळा धरला. दोघे एका बुंध्यावर आदळले, खाली पडले, एकमेकांच्या छातीवर चढले. एकाच आईचं दूध प्यालेले ते दोघे दातांनी चावत होते.

आणि मी? मी गाडीत. हँडब्रेक नावालाच होता, म्हणून एक पाय ब्रेकवर, दुसरा क्लचवर गच्च दाबून बसले होते आणि खिडकीतून ओरडत होते, "सोडा त्याका! सोडा!" इंजिन बंद करावं, गाडी गिअरमध्ये अडकवावी आणि धावावं, एवढं सुचलं नाही. खाली क्लच किंचाळत होता, वर मी.

ह्यांचा कोयता खाली आला. दिराने डावा हात आडवा घातला. करंगळी कातडीला लोंबत राहिली.

मग ह्यांनी कोयता टाकला. त्यांनीच भावाला उचलून मागच्या सीटवर आणलं. मी पदर फाडून दिला, ह्यांनी तो हाताला आवळला आणि हात वर धरून बसले. पदर बघताबघता लाल झाला. अशा वेळी मी काय म्हणाले ते ऐका: "बघ, अजून ओरडता तुझी करणी!"

दिराचा चेहरा पांढराफटक पडला होता. पण तो एसटीचा ड्रायव्हर.

"वयनी, न्यूट्रल कर. ब्रेक धरून ठेव. आता क्लचवरचो पाय काढ."

काढला. आवाज बंद.

"दाब."

किंचाळी.

"काढ."

शांत. ह्यांच्या श्वासाचा आवाज ऐकू आला.

"क्लचची बेअरिंग गेली. पाय काढल्यार आवाज इलो असतो तर गिअरबॉक्स. करणी माझी न्हय गो, तुझ्या पायाची." मग डोळे मिटून म्हणाला, "माका मालवणाक पोचय. गाडी उताराक वळय, तिसऱ्या गिअरात घाल आणि परत क्लच दाबू नको. बेअरिंग फुटली तर मी वाटेतच संपलंय."

गाडी वळवली, दात खात गिअर पडला. मग मी खड्डा बघितला नाही, म्हैस बघितली नाही. तळहात हॉर्नवरच. समोरून एसटी आली तेव्हा माझा पाय सवयीने क्लचकडे गेला. दीर मागून गरजला, "दाबू नको! डाव्या अंगान काढ!" बाजूचा आरसा खळकन फुटून गेला. डॉक्टरांच्या फाटकाशी नुसता ब्रेक हाणला. गाडी हिसका देऊन भिंतीवर आदळली आणि बंद पडली.

डॉक्टरांनी विचारलं तेव्हा दीर स्वच्छ पुस्तकी मराठीत म्हणाला, "रान साफ करताना माझाच कोयता लागला." बाहेर ह्यांनी भिंतीवर कपाळ आपटलं. एकदा नाही, तीनदा. मी अडवलं नाही. माझंही आपटायला हवं होतं. हात वाचला, करंगळी गेली.

कट्ट्याच्या मिस्त्रीने गिअरबॉक्स उतरवून बेअरिंग माझ्या हातावर ठेवली. कोरडी, जळून निळी पडलेली.

"पाय क्लचार ठेवन चलवतास काय?"

"छे!" मी म्हणाले. त्याने माझ्या डाव्या चपलेकडे बघितलं. तिचा पुढचा भाग घासून पार गेला होता.

पुढच्या वर्षीपासून राखणदाराचं गाऱ्हाणं दीर घालतो. ह्यांनीच त्याला पुढे केलं. तो चार बोटांचा हात वर करून एकेक मागणं मागतो आणि आम्ही सगळे "व्हय म्हाराजा" म्हणतो. लेकरांका सांभाळ, व्हय म्हाराजा. गुराढोरांका सांभाळ, व्हय म्हाराजा. आणि शेवटी, एकही वर्ष न चुकता:

"आणि आमच्या वयनीच्या डाव्या पायाक बुद्धी दी!"

पहिल्या वर्षी मी मान खाली घालून रडले. आता सगळ्यांच्या आधी मीच ओरडते, "व्हय म्हाराजा!"