हळद लागलेला नाकतोडा

वाचकहो, भूतखेत, चकवा, भानामती यांवर माझा कधीच विश्वास नव्हता. कसा असणार? सास्तूरच्या शिवारातली निम्मी भुतं तर मीच सोडलेली. माझ्या गोष्टींना तिखटमीठ जास्त असतं हे कबूल... पण ही एकच अळणी आहे. म्हणूनच बहुतेक ती आजवर कुणाला पटली नाही.

निजामाचं राज्य, चाळीसनंतरची वर्षं. भादव्यात ज्वारीत हिरवे किडे दिसायला लागले आणि टोळधाडीची आवई उठली. हैदराबादेहून किड्यांचे जाणकार एक साहेब लोहाऱ्याला मुक्कामी आले. गावोगावचे नमुने पाहून किडा कुठल्या जातीचा ते ठरवायचे. टोळ निघाला तर बांधाबांधावर विष कालवलेला कोंडा पसरायचा, असा हुकूम होता. आणि आमच्या बांधावर चरायची माझी देवणी गाय, बाळी. पाच महिन्यांची गाभण! तिला बांधून ठेवावं तर खुंट्यासकट लोहाऱ्यापर्यंत जाईल अशी.

नमुने धरायचं काम पाटलांनी मला दिलं. डझनभर किडे मारून तंबाखूच्या डब्यात भरले. दोन दिवसांत त्यांचा हिरवा रंग उडाला, तपकिरी पडले. मला वाटलं, सडले! म्हणून डाळीला चोळतात तसं हळद-एरंडेल चोळलं. माझी बायको सुंदरा बघत होती. म्हणाली, "डाळीला कीड लागू नये म्हणून हळद लावतेत. तुम्ही किडीलाच लावा. आता मुंडावळ्या तेवढ्या बांधा."

आठव्या दिवशी पाटील आणि मी बैलगाडीनं लोहाऱ्याला गेलो. वाटेतल्या हादऱ्यांनी किड्यांच्या मिशा तुटल्या, पाय झडले. भर दुपारी चावडीत साहेबांनी त्यातला एक उचलला, उजव्या खांद्यातून पिन घालून बुचावर टोचला आणि लेन्स लावली.

"पिवळा रंग, आखूड मिशा. टोळच आहे, मियाँ."

मी म्हणालो, मिशा तुटल्यात साहेब, चांगल्या लांब होत्या. किती लांब, असं त्यांनी विचारलं... आणि माझी जीभ घसरली.

"हातभर!"

पाटील खो-खो हसले. साहेबांनी टाक दौतीत बुडवला. बोटभर म्हणालो असतो तर ऐकलं असतं त्यांनी. टपालवाला दारात ताटकळत उभा होता. मी हात जोडले.

"साहेब, हळद म्या लावली. माझी गाय गाभण हाय."

जन्मात पहिल्यांदा तिखटमीठ न लावता बोललो, आणि साहेबांनी मान वर न करता कागदावर 'टोळ' लिहिलं.

तेवढ्यात — चिर्रर्र.

आवाज बुचावरून आला. आठ दिवसांचा मेलेला, पिन टोचलेला, हळद माखलेला तो किडा पंखावर पंख घासत होता. तीनदा वाजला. मग पंख तसेच अर्धे उघडे ठेवून थांबला. पाटलांचं हसू तोंडातच राहिलं. साहेबांच्या टाकाची शाई कागदावर ठिबकली.

ते लेन्स घेऊन वाकले. डावा पंख उजव्यावर, आणि डाव्याच्या खालच्या अंगाला कंगव्यासारखी दातेरी रेघ.

"टोळ मांडी घासून वाजतो," ते हळूच म्हणाले. "हा पंखानं वाजला. हा टोळ नाही."

त्यांनी 'टोळ' खोडलं, 'लांब मिशांचा नाकतोडा, विषाची गरज नाही' असं लिहिलं आणि टपाल रवाना केलं.

बाळीला पौषात कालवड झाली. सुंदरा जिवंत होती तोवर दर भादव्यात बांधावरच्या धोंड्याला हळदीचं बोट लावून हात जोडायची. कुणाला म्हणून मी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. आता ते बोट मी लावतो.

त्या किड्यात जीव उरला होता म्हणावं, तर हळद चोळताना त्याचं मुंडकं निसटून माझ्या हातात आलं होतं. ते मी एरंडेलानं चिकटवलं होतं... बरं, हे मुंडक्याचं सोडा. पण बाकीचं खरं आहे.

साहेबांच्या त्या कागदावर टपालाआधी भरायचा एक रकाना होता : आवाज ऐकला तेव्हा नमुना जिवंत की मृत? त्यांनी बराच वेळ टाक धरून ठेवला, मग माझ्याकडे पाहिलं.

तो रकाना त्यांनी कोरा सोडला. माझ्याकडेही तो अजून कोराच आहे.