काविळीची माळ

माझ्या धाकट्या भावाचे डोळे पिवळे झाले, तेव्हा घरात सगळ्यांना हायसं वाटलं. ऐकायला विचित्र वाटेल, पण खरं तेच आहे. कावीळ हा शब्द चारचौघांत बोलता येतो. कुठलं तरी पाणी बाधलं, बाहेरचं खाल्लं, झालं. दारू हा शब्द मात्र आमच्याकडे भिंतींनाही ऐकू जाता कामा नये.

देवळाली कॅम्पात त्याचं गणवेश शिवायचं दुकान होतं. शटर खाली ओढलं की क्वार्टर, हा रोजचा नेम. घरी येऊन ताटावर बसायचा आणि नुसती चिवडाचिवड. दोन घास, लोणच्याची फोड, की उठला. सकाळी मोरीत ओकाऱ्या. आणि मी, मुलांना तीस वर्षं समतोल आहार शिकवलेली बाई, भावजयीला सांगायचे की पित्त असेल, कोकम सरबत दे. आमच्याकडे सगळ्याचं पित्तच व्हायचं.

दवाखान्यात न्यावं तर डॉक्टर नको ते विचारणार. म्हणून मी त्याला सायखेड्याला नेलं. तिथे एक म्हातारे बाबा काविळीची माळ देत. कसल्याशा झाडाच्या काड्यांचे बारीक तुकडे दोऱ्यात गुंफलेले. ती डोक्यावर ठेवायची. आधी टाळूपुरतीच असते, मग दिवसागणिक लांबते आणि गळ्यात उतरते. माळ उतरली की कावीळ उतरली. सोबत तीन आठवडे पथ्य: तेल नाही, डाळ नाही, अंडी-मटणाचं तर नावच नको. मऊ भात आणि ताक.

बाबांनी भावाच्या पापण्या ओढून डोळे पाहिले आणि माझ्याकडे वळले. "पितो का? पीत असंल तर आधी दवाखान्यात न्या, बाई. माळ दारूवर चालत नाय."

भाऊ मान खाली घालून बसला होता. मी म्हणाले, "छे हो. सुपारीचं खांडसुद्धा नाही."

त्याने वर बघितलं आणि किंचित हसला. ते हसू माझ्या छातीवरून अजून उठलेलं नाही.

पथ्य मोडू नये म्हणून मी त्याला माझ्याकडेच ठेवून घेतलं. पहिले चार दिवस त्याचे हात इतके थरथरले की वाटी धरवेना. पण त्या तीन आठवड्यांत तो एक थेंबही प्यायला नाही, हे मी शपथेवर सांगते. इतक्या वर्षांत जे बायकोच्या रडण्याने झालं नाही, ते त्याने आपणहून केलं. आणि मी त्याला भात आणि ताक घालत राहिले. पथ्याच्या बाबतीत माझा हात कोण धरणार!

माळ गळ्यात उतरली तसे आम्ही सगळे खूश. दंड काटक्यांसारखे झाले होते, पण कावीळ म्हटल्यावर माणूस वाळणारच. पोट पुढे आलं होतं, त्याला मी वायू म्हणाले आणि ओवा दिला. एकदा दुपारी तो ओट्यापाशी येऊन उभा राहिला. "ताई, एक उकडलेलं अंडं देतेस का गं? नुसतं, मिठाशिवाय दे." मी त्याला झापलं. चाळिशी उलटली तरी जिभेचे चोचले सुटत नाहीत, म्हणाले. तो जाऊन पडला.

एकविसाव्या दिवशी माळ छातीवर होती आणि त्याला रक्ताची उलटी झाली.

दवाखान्यात डॉक्टरांनी तोच प्रश्न विचारला. मी तोंड उघडलं, तेवढ्यात तो कॉटवरून म्हणाला, "रोज, डॉक्टर. पंधरा वर्षं. ताईला सगळं माहीत आहे."

लिव्हर कडक झालं होतं आणि पोटात वायू नव्हता, पाणी होतं. या तीन आठवड्यांत काय खात होते, असं डॉक्टरांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. दारू सुटली होती तेव्हाच त्याला थोडं थोडं, सारखं खायला घालायचं होतं, म्हणाले. डाळी, अंडी, दूध. असल्या दुखण्यात पोटात काही नसलं की शरीर स्वतःचंच मांस खातं. ते माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं, पण ते ओरडले नाहीत.

त्यानंतर तो महिनाभर जगला. कशाने गेला, असं कुणी विचारलं की मी सांगायचे, कावीळ.

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीतली एक बाई आली. नवऱ्याचे डोळे पिवळे झालेत, सायखेड्याच्या बाबांचा पत्ता हवा होता. मी विचारलं, "पितात का?"

"छे हो, बाई. सुपारीचं खांडसुद्धा नाही."

मग मी जन्मात पहिल्यांदा ते बोलले. माझा भाऊ दारूने गेला. ती त्याने सोडली होती, तेव्हा मी त्याला उपाशी ठेवलं, कारण मी खोटं बोलले होते. तुम्ही आजच्या आज त्यांना डॉक्टरकडे न्या आणि खरं सांगा.

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत होती. बरं म्हणाली आणि उठली. दारात चपला घालताना थांबली.

"नेतेच हो. पण तो पत्ता तेवढा देऊन ठेवा ना."