सुमनबाईचे शेंगोळे

एकलहऱ्याला वीज केंद्राचं वाढीव काम निघालं, त्या अठ्ठ्याहत्तर सालात फाटकाबाहेर चहाच्या चार टपऱ्या होत्या आणि चारही ठिकाणी चहाबरोबर शिळा पावच मिळायचा. एकाने पाव ठेवला म्हणून बाकी तिघांनी ठेवला. आपल्याकडे धंदा करायचा म्हणजे आधी शेजारी काय विकतो ते बघायचं. सुमनबाईने कोणाकडे बघितलं नाही. तिने कुळथाचे शेंगोळे आणले.

शेंगोळे काय, घरोघरी होतात. कुळथाचं पीठ मळायचं, हातावर बोटाएवढं वळायचं आणि झणझणीत रश्शात शिजवायचं. पण घरचं ते फाटकावर विकता येतं, हे कोणाला सुचलं नव्हतं. सळ्या बांधणारे, खडी वाहणारे गडी तिच्या पातेल्याभोवती उकिडवे बसायचे आणि आईची आठवण काढत दोन-दोन भाकऱ्या हाणायचे. तिचा नवरा सावळीराम ठेकेदाराकडे बिगारी होता. आज काम, उद्या नाही. घर आणि पोरीची शाळा त्या पातेल्यावरच चालली होती.

धोंडाबाई ही मुकादमाची बायको, चांदवडकडची. आठवडाभर रोज यायची, बोटं चाटून खायची आणि विचारायची, "सुमनबाई, पीठ गार पाण्यात मळतीस का कढत? तिखट कोन्तं गं?" आणि ही भोळी सगळं सांगायची. वळताना हाताला तेल लाव, रस्सा खळखळल्याशिवाय आत सोडू नको, नाहीतर लगदा होतो. कौतुकाने कोणी विचारलं की माणूस हरभऱ्याच्या झाडावर चढतोच.

मग चौदा एप्रिल आली. सुमनबाईला आनंद मावेना. ती टोपलीभर बुंदी घेऊन फाटकावर गेली आणि प्रत्येक गिऱ्हाइकाच्या हातावर मूठमूठ ठेवत म्हणाली, "घ्या दादा, आज आमच्या बाबासाहेबांची जयंती हाय." कोणी खाल्ली, कोणी कागदात बांधून घेतली. परतताना तिला बाभळीखाली बुंदीच्या चार पुड्या पडलेल्या दिसल्या. कोणाच्या तरी खिशातून पडल्या असतील, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी वीस भाकऱ्या घरी परत आल्या. तिसऱ्या दिवशी तीस. भांडण नाही, शब्द नाही. गडी लांबूनच म्हणायचे, "आज पोट बरं नाय, बाई." पन्नास माणसांची पोटं एकाच आठवड्यात बिघडली होती.

त्यानंतर तिच्यापासून दहा पावलांवर धोंडाबाईने चूल मांडली. तसंच पातेलं, ऊब राहावी म्हणून त्याला तसंच गोणपाट, तीच चव. फक्त मागे लिंबाच्या झाडाला सप्तशृंगीची तसबीर आणि तिला झेंडूचा हार. सुमनबाई तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. "अक्का, माझ्या हातचं तूच खात होतीस ना?"

धोंडाबाई खाली बघून ढवळत राहिली. "तवा ठाऊक नव्हतं," ती म्हणाली. "मला काय नाय गं. पन मानसं इचारतात."

सावळीराम घरी चिडून म्हणाला, "तिनं तुझं सगळं उचललं, तू तिची एक तसबीर उचल. देवी काय तिच्या एकटीची हाय? का पोरीला शाळेतनं काढू?"

सुमनबाईने नाशिकरोडच्या बाजारातून तसबीर आणली. सकाळी आपल्या चुलीमागच्या बाभळीला खिळाही ठोकला आणि तिथेच हात थांबला. ती दहा वर्षांची असताना बापाने दीक्षा घेऊन घरातले देव टोपलीत भरले होते आणि ती टोपली डोक्यावर घेऊन तीच नदीत सोडायला गेली होती. पण खरं दुखणं ते नव्हतं. आज तसबीर लावली की उद्या आडनाव बदलावं लागेल, परवा गाव. मग पोरीला सांगावं लागेल, फाटकावर येशील तेव्हा मला जयभीम करू नको. ते तिला जमणारं नव्हतं. तिने खिळा उपटला, तसबीर दुकानदाराला परत केली आणि महिन्याभरात पातेलंही मोडीत घातलं.

जूनपासून ती त्याच जागी कांदे विकायला बसली. धंदा बरा चालला. कांद्याला साल असते, त्यामुळे हात कोणाचा ते कोणी विचारत नाही. पोरीची शाळा सुटली नाही, हेही खरं. पण सुमनबाईने घरीसुद्धा पुन्हा शेंगोळे केले नाहीत. पोरीने हट्ट धरला तरी नाही.

धोंडाबाईचा पसारा वाढला. वर पत्रे आले, बसायला बाकं आली, आणि भाकरीबरोबर चिरलेला कांदा द्यायची पद्धत तिने सुरू केली. एक दिवस गर्दीत तिची तारांबळ उडाली, तेव्हा ती सुमनबाईकडे येऊन हळूच म्हणाली, "तूच चिरून दे ना गं. पैसे जास्त घे."

सुमनबाईने दिला. मग रोजच देऊ लागली. गडी तो कांदा मुठीमुठीने रश्शात टाकायचे आणि आणखी मागायचे. कांदा कोणी चिरलाय, ते धोंडाबाईने कधी कोणाला सांगितलं नाही. सुमनबाईनेही सांगितलं नाही.