नानाच्या पेल्याचं माप

आधीच सांगते नातवंडांनो, भुताखेतांवर माझा कधी विश्वास नव्हता... आजही नाही. मी कॉलेजात सायन्स शिकलेली बाई. म्हणूनच हे जसं घडलं तसंच, क्रमाने लिहितेय.

सत्तर साल उलटून गेलं होतं. फैजपूरला माझ्या माहेरी धाकटा भाऊ नाना आजारी पडला. दोन्ही मूत्रपिंडं निकामी. पाय सुजलेले, आणि तोंडाला वास – शिळ्या लघवीचा. सख्खा भाऊ, तरी मला किळस यायची, हे लपवत नाही.

मुंबईच्या डॉक्टरांनी दोनच वाटा सांगितल्या. मशीनवर रक्त धुणं, तेही काही काळच; नाहीतर रक्ताच्या नात्यातल्या कुणाचं मूत्रपिंड बसवणं. तपासण्या झाल्या, माझं जुळलं. तुमच्या आजोबांनी होकार दिला, ऑपरेशन ठरलं. तोवर घरीच पथ्य – पाणी मोजून, आणि केळं अजिबात नाही. त्यातल्या क्षाराने हृदय बंद पडू शकतं.

केळीच्या बागांच्या गावात हे पटणार कुणाला? नानाच्या स्टीलच्या पेल्याला मी आतून खूण केली होती, तेवढंच पाणी. तो हसून म्हणायचा, “अक्का, मापात पाप नको हं.” इकडे मी त्याच्याजवळून उठून दिवाणखान्यात गेले की कुणीतरी त्याला पाजायला गोमूत्र घेऊन हजर. ज्याची स्वतःचीच लघवी तुंबलीय, त्याला गाईची पाजायची... शी!

मुंबईला निघायच्या सकाळी मी ट्रंक भरत होते. तेवढ्यात आमच्या थोरल्या काकांनी, आबांनी, नानाला वाडगाभर शिकरण चारलं. वर मलाच म्हणाले, “दोन केयांनं कोनी मरतं का? डाक्तरचं ऐकलं त पोरगं उपाशी मरीन.”

गाडी जळगावला पोचायच्या आत नाना गेला.

वैशाखात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया आली. वर्षभरात गेलेल्या माणसासाठी आमच्याकडे नवी घागर भरतात, वर डांगर, म्हणजे खरबूज ठेवतात. घागर आबांनीच भरली. आणि तो वास आला – तोच! पाणी ओतून देऊन दुसरी नवी घागर आणली. आमच्या विहिरीचं तेच पाणी घरात सगळे पीत होते, त्याला काही नाही. घागरीत पडलं की पुन्हा मोरीसारखी घाण. बायका पदर नाकाला लावून बाहेर गेल्या.

“नव्या मातीचा वास शे तो,” म्हणत आबांनी हट्टाने एक घोट घेतला... आणि अंगणात भडभडून ओकले. सकाळचं सगळं जेवण, पिवळंधमक, तुळशीच्या कट्ट्यापर्यंत. मला त्यांची दया आली नाही.

आई भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, “त्याला इतकं पाणी कुठं चालायचं व माय.”

मी कपाटातून नानाचा पेला काढला. त्याच घाणेरड्या घागरीतून खुणेपर्यंत भरला. आईने हुंगला, मग मी. वास नव्हता. मी ते पाणी प्यायले – गार, गोड, विहिरीचं. आणि घागर तिथेच, तशीच घाण मारत होती.

का, ते मला आजही सांगता येत नाही. माती, पाणी, उन्हाळा... सगळं तपासून पाहिलं. नानासाठी काढायचं होतं ते मूत्रपिंड अजून माझ्याच अंगात आहे, आणि ठणठणीत काम करतंय. केळं मात्र तेव्हापासून मी घरात आणलं नाही.